नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाई

त्र्यंबकेश्वर मागे टाकून घाटरस्त्याने हरसूलकडे निघाले की भाताची खाचरे आणि नागली-वरईचे उतार सुरू होतात. नाशिक जिल्ह्याचा हा आदिवासी पट्टा. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर राबायचे आणि द्राक्षांची कामे निघाली की गिरणारे, दिंडोरीकडच्या मळ्यांत मजुरीला उतरायचे, हे इथल्या माणसांचे वर्षाचे गणित. कायदेविषयक शिबिरांच्या निमित्ताने आमचे तिकडे जाणे-येणे असते. वनहक्काचे दावे, जातीचे दाखले, अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा हे नेहमीचे विषय. मागच्या खेपेस आम्ही बालविवाह प्रतिबंधक कायद्यावर बोललो. बायकांनी ऐकून घेतले, पुरुष दारात उभे राहून ऐकत होते.

शिबिर आटोपल्यावर बारावीची एक मुलगी मागे थांबली. तिला नर्सिंगला जायचे होते. घरात मात्र लग्नाची बोलणी चालली होती आणि अठरा पूर्ण व्हायला अजून काही महिने बाकी होते. तिने विचारलेला प्रश्न आम्हाला अजून सोडत नाही. लग्न लागले आणि आपण नांदायला गेलो नाही, तर पोलीस धरून नेतात का, तुरुंगात टाकतात का, असे तिला विचारायचे होते. कोणीतरी तिला तसे सांगून घाबरवले होते. आम्ही सांगितले की असा कायदा आज नाही. परंतु एकेकाळी होता, आणि तो आमच्याच मुंबईच्या हायकोर्टाने एका बाईवर चालवला होता, हेही सांगावे लागले. ती बाई डॉक्टर झाली हे ऐकून मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटले, त्यामुळे हा लेख लिहिण्यास आम्ही बसलो.

डॉ. रखमाबाई. आमच्या चळवळीच्या सभांत सावित्रीबाईंचे नाव असते, फातिमा शेख यांचे असते, मुक्ता साळवेचे असते, आणि ते असायलाच हवे. रखमाबाईंचे नाव क्वचितच निघते. त्यांची कथा उच्चवर्णीय समाजसुधारकांच्या खात्यावर जमा झाली आणि आम्हीही ती तशीच जमा होऊ दिली. वस्तुतः रखमाबाई सुतार समाजातल्या. धर्मशास्त्राच्या ठेकेदारांनी ज्यांना शूद्र म्हटले, त्या समाजातल्या. हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचे आयुष्य नीट उलगडत नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न कोवळ्या वयात झालेले, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांचा जन्म ब्राह्मण घरात झाला असता तर पुढची गोष्ट सर्वांना पाठ आहे. केशवपन, आलवण आणि आयुष्यभराचा काळोख. परंतु सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाची रूढी होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. जाण्यापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी लहानग्या रखमाच्या नावे करून दिली. सुधारकांना ज्या विधवाविवाहासाठी ग्रंथ धुंडाळावे लागत होते, परिषदा भरवाव्या लागत होत्या, तो कष्टकरी जातींमध्ये पाट, मोहतूर अशा नावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. त्याला मागासलेपणा म्हणून हिणवले जात होते, एवढेच.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे नामांकित डॉक्टर. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतल्या मोजक्या हिंदी गृहस्थांपैकी ते एक. असा सावत्र बाप लाभणे हे रखमाबाईंचे भाग्य. परंतु या विद्वान माणसालाही जातीचा दबाव झुगारता आला नाही. रखमा अकरा वर्षांची असताना तिचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून देण्यात आले. मुलगा सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, गरिबीतला. त्याने याच घरी राहावे, शिकावे, माणूस बनावे असे ठरले होते. शिक्षणात दादाजींचे मन रमले नाही. ते मामाच्या घरी राहायला गेले आणि तिथली संगत वाईट निघाली. रखमाची शाळा मात्र लग्नाबरोबर सुटली ती सुटलीच.

येथे सखाराम अर्जुनांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मुलगी वयात आली की लगेच गर्भाधान उरकण्याचा रिवाज त्यांनी मानला नाही. डॉक्टर या नात्याने त्याचे परिणाम ते पाहत होते. त्यामुळे रखमा माहेरीच राहिली. शाळा नव्हती, पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके येत होती. सखाराम अर्जुनांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची बोलणी कानावर पडत होती. घरकामातून वेळ काढून, कोणी शिकवायला नसताना ती इंग्रजी वाचायला शिकली. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या आया अशाच शिकल्या आहेत, मुलांच्या पाटीवरून अक्षरे उचलून. तेव्हा ही गोष्ट वाचकांना वेगळी सांगायला नको.

१८८४ साली दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठवली की बायको नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. दादाजींचे दारिद्र्य, त्यांचे आजारपण, त्या मामाच्या घरचे वातावरण अशी कारणे पुढे आली. पण मुळाशी एक साधी गोष्ट होती. हे लग्न आपण केलेले नाही, ते आपल्या अजाणतेपणी लावले गेले, आणि ते आपल्याला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी एका हिंदू विवाहितेने हे म्हणणे भर कोर्टात मांडावे, ही केवढी मोठी गोष्ट!

दादाजी कोर्टात गेले. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. मुकदम्याच्या नावातही त्या फक्त रखमाबाई आहेत, ना बापाचे नाव ना नवऱ्याचे. दावा कसला होता हे आमच्या वाचकांनी समजून घ्यावे, कारण यातच सगळी गंमत आहे. नवऱ्याने बायकोला नांदायला आणण्यासाठी कोर्टाचा हुकूम मागायचा, हा प्रकार मनुस्मृतीतला नाही. बायकोला ताब्यात ठेवायला मनुवाद्यांना कोर्टाची गरजच नव्हती, जातपंचायत आणि सासूरवास पुरेसे होते. हा दावा इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका मुस्लिम जोडप्याच्या खटल्यात तो हिंदुस्थानातही चालेल असे ठरवले. आणि आणखी गंमत पाहा. ज्या १८८४ साली दादाजींनी नोटीस दिली, त्याच साली इंग्लंडने आपल्याकडे कायदा बदलून, नांदण्याचा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद काढून टाकली. गोऱ्या बाईसाठी तुरुंग बंद झाला, काळ्या बाईसाठी उघडा राहिला. कायद्याच्या पुस्तकात अशा जागा आम्हाला वारंवार सापडतात.

खटला न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे आला. रखमाबाईंच्या बाजूने अ‍ॅडव्होकेट जनरल लॅथम, इन्व्हेरॅरिटी आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग असे खंदे वकील होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. त्यांचा विचार असा की हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा मोडलेला संसार पुन्हा उभा करण्याचा प्रश्न येतोच कुठे? हा तर नव्यानेच संसार सुरू करायला लावण्याचा दावा आहे. जी मुलगी अजाण वयात बांधली गेली तिला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना माणुसकीला धरून वाटले नाही. निकालपत्रातली ही मांडणी वकील म्हणून आम्हाला आजही ताजी वाटते.

निकाल आला आणि सनातन्यांच्या अंगाला आग लागली. टिळकांच्या पत्रांनी न्यायाधीशाला हिंदू धर्म कळत नाही म्हणून झोडपले आणि सगळे खापर मुलींना मिळणाऱ्या इंग्रजी शिक्षणावर फोडले. ज्यांना लोकमान्य म्हटले गेले ते लोकांतल्या अर्ध्या माणसांच्या, म्हणजे स्त्रियांच्या, किती बाजूने होते याचा हा कागदोपत्री पुरावा आहे. हेच टिळक पुढे पुण्याच्या हुजूरपागेतल्या मुलींच्या शिक्षणक्रमावर तुटून पडले, हे विसरता येत नाही. याउलट महात्मा जोतीराव फुल्यांनी डिसेंबर १८८४ मध्येच, मलबारी शेठच्या टिपणांवर मत देताना, बालविवाहाला आणि सक्तीच्या वैधव्याला विरोध नोंदवून ठेवला होता. दोन माणसे, एकच पुणे, एकच काळ.

रखमाबाई स्वतः गप्प बसल्या नव्हत्या. १८८५ च्या जून आणि सप्टेंबरात मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या सहीने दोन पत्रे छापून आली, एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. लग्न मुलीच्या शिक्षणाचा गळा कसा घोटते, शिकण्याची ओढ असलेल्या पोरीला पुस्तक चोरून कसे वाचावे लागते, हे त्यांनी स्वानुभवाने लिहिले. अकराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीने इंग्रजीत लिहिलेली ती पत्रे देशभर चर्चिली गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले होते. म्हणजे पाठीराखा गेल्यावर ही मुलगी बोलायला लागली.

दादाजींनी अपील केले. १८८६ च्या मार्चमध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला खाली पाठवला. या दोन निकालांच्या दरम्यान, १ जानेवारी १८८६ रोजी, इंग्रजांनी वरचा ब्रह्मदेश आपल्या राज्याला जोडून घेतला. हे आम्ही सहज सांगत नाही. त्या बौद्ध देशात विवाह हा संस्कार नव्हता, दोन जाणत्या माणसांच्या संमतीचा तो व्यवहार होता. पटले नाही तर फारकत घेता येत होती आणि बाईला तिची मालमत्ता घेऊन बाहेर पडता येत होते. तिथल्या बाजारपेठा बायका चालवत होत्या. ब्रह्मदेश काही स्वर्ग नव्हता, राजेशाहीचे जुलूम तिथेही होते. परंतु एकाच सरकारच्या छत्राखाली त्या वर्षी दोन बायका उभ्या होत्या. रंगूनच्या बौद्ध बाईला तिचा परंपरागत कायदा जो हक्क देत होता, तो मुंबईच्या रखमाबाईंना हिंदू कायद्याच्या नावाखाली नाकारला जात होता. बौद्ध धम्मात स्त्रीचे स्थान काय होते आणि ते कोणी हिरावले, याचा शोध बाबासाहेबांनी १९५१ साली महाबोधी मासिकात हिंदू स्त्रीच्या उत्थान आणि पतनावर लिहिताना का घेतला, हे अशा तुलनेतून कळते.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंचे उत्तर तयार होते. त्या तुरुंगात जाण्यास तयार आहेत, नवऱ्याकडे नाही. बावीस वर्षांची मुलगी. घरात बापाचा आधार नाही, जातीत बदनामी, वर्तमानपत्रांत नाव घेऊन चिखलफेक. कायदा मोडून तुरुंगात जाण्याची तयारी दाखवणाऱ्या सत्याग्रहींच्या याद्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या याद्यांत हे नाव कुठे असते?

त्यांच्यासाठी बचाव समिती उभी राहिली. विलायतेत चर्चा झाली, मॅक्समुल्लरसारख्या पंडिताने तिथल्या पत्रात लिहिले. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. रखमाबाईंनी दादाजींना खर्चापोटी दोन हजार रुपये द्यायचे आणि त्यांनी हुकुमाची अंमलबजावणी मागायची नाही. व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून लग्न रद्द केले अशी एक कथा सगळीकडे फिरते, भाषणांत तर हमखास असते. ती खरी मानू नये. लग्न रद्द झालेच नाही. कोर्टाच्या कागदावर रखमाबाई दादाजींच्या बायको म्हणूनच राहिल्या. फरक इतकाच की दादाजींनी दुसरे लग्न केले. तशी मुभा त्यांना शास्त्रानेही होती आणि कायद्यानेही. रखमाबाईंना नव्हती. दोन हजार रुपये भरून त्यांनी स्वातंत्र्य विकत घेतले ते असे, एका बाजूने कुलूप तसेच ठेवून.

पुढे काय करायचे, हा प्रश्न आता खऱ्या अर्थाने त्यांच्या हातात आला. येथे रखमाबाईंनी डॉक्टर व्हायचे ठरवले. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना हात दिला, निधी जमवायला मदत केली. या पीचीबाई स्वतः एडिंबरोच्या विद्यापीठाशी स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी भांडलेल्या. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. मॅकलरेन दांपत्याने त्यांना आसरा दिला. ज्या मुलीने अकराव्या वर्षी शाळा सोडली, तिने पंचविशीत शरीरशास्त्राची पहिली पाने उघडली. १८९४ साली शिक्षण पुरे करून, ब्रुसेल्सची एम. डी. घेऊन त्या परतल्या.

त्यांना भारतातील पहिली डॉक्टर म्हणण्याची एक रीत आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत पदवीधर झाल्या, पण दुर्दैवाने पुढच्याच वर्षी वारल्या. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली रखमाबाईंच्या आधीपासून डॉक्टरकी करत होत्या. तेव्हा पहिली कोण या शर्यतीत आम्हाला पडायचे नाही. रखमाबाईंचे मोठेपण क्रमांकात नाही.

मुंबईत थोडा काळ काढून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. हरसूलच्या वाचकांना सुरत परकी नाही, गुजरातची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि कामधंद्यासाठी माणसे तिकडे जातच असतात. त्या सुरतेत रखमाबाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. सुरुवातीला बायका बाळंतपणासाठी दवाखान्यात यायला धजत नव्हत्या. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही अशी समजूत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी आणून तिची सुखरूप सुटका दवाखान्यात करून दाखवली आणि मग बायका येऊ लागल्या, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, ती रखमाबाईंच्या स्वभावाला शोभते. वाद घालून पटत नसेल तर समोर करून दाखवायचे. प्लेगच्या साथीत, जेव्हा सरकारी तपासणीच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवून ठेवत होते, त्या सुरतेत राबत राहिल्या. त्यासाठी सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी काम केले आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईला परतल्या. निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९२९ साली, त्यांनी पडदा पद्धती मोडून काढण्याची गरज सांगणारी पुस्तिका लिहिली. पस्तीस वर्षे पडद्यामागच्या बायकांच्या नाड्या तपासलेल्या डॉक्टरची ती साक्ष होती.

राजसत्तेकडून पदक घेतले म्हणून कोणी नाक मुरडेल. आमचे त्याला उत्तर असे की, ज्या काळात देशी पुढारी तिला तुरुंगात पाठवायला निघाले होते, त्या काळात तिने कोणाकडे बघायचे होते? तरीही एक गोष्ट आम्हाला टोचते आणि ती लपवून चरित्र लिहिणे आम्हाला मान्य नाही. १९०४ साली दादाजी वारले आणि रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्या माणसाला नवरा न मानण्यासाठी त्यांनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली होती, त्याच्या मागे वैधव्य? चरित्रकारांनी यावर तर्क केले आहेत. सुरतेतल्या ज्या बायकांवर उपचार करायचे त्यांच्यात वेगळे पडू नये म्हणून, समाजाने घेरू नये म्हणून. असेल. आम्हाला मात्र यात त्या कुलपाची आठवण होते जे १८८८ च्या तडजोडीने उघडले नव्हते. कायद्याने त्या बायकोच होत्या, त्यामुळे विधवाही झाल्या. त्यांची आई सतराव्या वर्षी विधवा होऊन पुन्हा संसार मांडू शकली. मुलगी विलायतेची एम. डी., तिच्या वाट्याला तेही आले नाही. शिकलेल्या, वर चढलेल्या घरांत ब्राह्मणी रीत कशी शिरते याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. आमच्या काही बौद्ध घरांतही, मुलगा अधिकारी झाला की सुनेच्या डोक्यावर पदर येतो.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षात रखमाबाई वारल्या. त्याच्या चार महिने आधी, १८ मे १९५५ रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचे तुकडे करून पुढे जे कायदे झाले त्यातला हा पहिला. एकपत्नीत्व आले, घटस्फोट आला. १९७६ साली त्यात एक कलम वाढवले गेले. पंधरा वर्षांच्या आत जिचे लग्न लावले गेले, तिने अठरा पूर्ण होण्यापूर्वी ते नाकारले तर तिला घटस्फोट मागता येईल, मग ती नांदलेली असो वा नसो. रखमाबाईंनी १८८४ साली जे म्हटले होते ते कायद्याच्या भाषेत उतरायला ब्याण्णव वर्षे लागली.

परंतु त्याच कायद्याच्या नवव्या कलमात दादाजींचा दावाही बसलेला आहे. नांदायला येण्याचा दावा. आमच्या कोर्टांत आजही तो रोजचा. पोटगीचा अर्ज आला रे आला की नवऱ्याकडून उत्तरादाखल कलम नऊ दाखल होते. तुरुंगाची तरतूद १९२३ साली काढली गेली, पण हुकूम न मानल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडने हा दावाच १९७० साली कायद्यातून काढून टाकला. आंध्र प्रदेश हायकोर्टाचे न्यायमूर्ती पी. ए. चौधरी यांनी १९८३ मध्ये टी. सरिता खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. स्त्रीचे शरीर ही तिची खाजगी बाब आहे आणि सरकारी हुकमाने तिला कोणाच्या घरी पाठवता येत नाही, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी सरोज रानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मत खोडून काढले. विवाहसंस्था टिकवण्यासाठी हे कलम उपयोगाचे आहे असे ठरले. २०१९ साली गुजरातच्या विधी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्याला पुन्हा आव्हान दिले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नांदण्याचा हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी आपोआप बुडत नाही, असे स्पष्ट केले. ते ठीकच. पण पिन्हेसाहेबांच्या निकालापाशी आपण अजून पोचलेलो नाही.

हरसूलच्या त्या मुलीला यातले काय सांगायचे, हा आमच्यापुढचा प्रश्न होता. कारण हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय. म्हणजे कलम नऊची धास्ती तिला नाही आणि १९७६ च्या त्या कलमाचा आधारही नाही. तिचे लग्न तिच्या जमातीच्या रूढीने चालते. त्या रूढीत काही बाबी आमच्या शिकलेल्या समाजापेक्षा बऱ्या आहेत. पोरापोरीने आधी एकत्र राहावे आणि ऐपत आली की लग्न लावावे, याला तिथे कोणी नाक मुरडत नाही. सोडून दुसरे घर करणाऱ्या बाईला जाळले जात नाही. ही जयंतीबाईंच्या सुतार समाजासारखीच ठेव आहे, आणि धर्माच्या दुकानदारांचे प्रचारक गावोगाव फिरून आता ती पुसू पाहत आहेत. मात्र लवकर लग्न उरकण्याची घाई तिथेही आहे. मजुरीला जोडी लागते, आईबाप मळ्यावर गेले की वयात आलेली पोर घरी एकटी कशी ठेवायची ही भीती असते, आणि आश्रमशाळेतून सुटलेल्या मुलीला पुढे कॉलेजात पाठवायला पैसे नसतात. घरच्यांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ मात्र तिलाही लागू आहे, आदिवासी असो, बौद्ध असो, मुसलमान असो. त्याखाली लग्न लागण्यापूर्वी ते थांबवता येते. गावात ग्रामसेवकाकडे प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी दिलेली आहे. कोर्टाकडून मनाई हुकूम घेता येतो. आणि लागलेच, तर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावे वर्ष पुरे होईपर्यंत, ते रद्द करून मागता येते. हे सर्व आम्ही तिला कागदावर लिहून दिले. तिने तो कागद वाचला, घडी घालून पुस्तकात ठेवला आणि विचारले की रखमाबाईंना ते दोन हजार रुपये कोणी दिले.

आम्ही म्हणालो, त्या काळी दोन हजार ही मोठी रक्कम होती. त्यांच्यामागे आईने नावे करून दिलेली मालमत्ता होती, समितीतली माणसे होती. तिच्यामागे काय आहे हे तिला आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. आम्ही नाशिकमधल्या दोन-तीन ओळखीच्या बायकांना फोन लावले. मुलींच्या सरकारी वसतिगृहाची चौकशी केली, आदिवासी विकास विभागाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जात पडताळणीचे कागद जमवायला सांगितले. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला जावे लागणार होते. त्यासाठी बापाला एक दिवसाची मजुरी सोडावी लागणार होती, आणि तो तयार होईल की नाही, यावर पुढची अर्धी तास बोलणी झाली. बाप शेवटी स्वतःच आत आला, खाली बसला आणि दाखल्याला कोणकोणते कागद लागतात ते विचारू लागला.